विळीला सुट्टी

मराठी घरात माणसांप्रमाणे अवजारांनाही सुट्ट्या असतात, हे एखाद्या परप्रांतीय पाहुण्याला सांगितले तर आपण त्याची थट्टा करीत आहोत असेच त्याला वाटेल. पण श्रावणाचे पंचांग उघडून पाहावे. शुद्ध पंचमीला, म्हणजे नागपंचमीला, विळीला सुट्टी. त्या दिवशी चिरायचे नाही, कापायचे नाही, खणायचे नाही आणि चुलीवर तवा चढवायचा नाही. पुढे दोनच दिवसांनी शिळासप्तमी येते. त्या दिवशी सुट्टी खुद्द चुलीला. तिला सारवून, पूजून गार ठेवायचे आणि घरादाराने आदल्या दिवशी रांधलेले खायचे. अमावास्येला पोळा; त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही. भाद्रपदात गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशीची सुट्टी नांगराची, आणि तीही इतकी कडक की बैलाच्या श्रमावर पिकलेला एक घासही व्रत करणारीच्या तोंडात जायचा नाही. आणि ज्या सणासाठी हा अंक आपल्या हाती आला, त्या दिवाळीचा पहिला दिवा लागतो तो वसुबारसेला. त्या दिवशी गाईचे दूध, दही, तूप वर्ज्य. दूध त्या दिवशी वासराचे.

हे सारे नेम वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी आले असतील. परंतु एका ओळीत मांडून पाहिले म्हणजे त्यांतून एक विचार डोकावतो. माणसाने आपले अवजार वर्षातून एकदा तरी खाली ठेवावे, आणि ते खाली ठेवले असताना आजूबाजूला पाहावे, हा तो विचार. आज आपल्या घरात जे अवजार सर्वांत अधिक चालते, त्याला मात्र पंचांगात एकही सुट्टी नाही. ते अवजार कोणते हे वाचकांना सांगायला नकोच. हा अंक वाचतानाही ते बहुधा त्यांच्या हाताशी पडलेले असेल.

फाळाला दिसत नाही

नागपंचमीला विळी का चालवायची नाही, असे लहानपणी विचारले की उत्तर ठरलेले असे, “नागाला लागतं.” आमच्या स्वयंपाकघरात नाग कुठे आहे, हा पुढचा प्रश्न कोणी विचारला तर “असेल कुठेतरी” एवढ्यावर विषय मिटे. मोठेपणी मराठीची शिक्षिका झाल्यावर श्रावणातल्या कहाण्या पुन्हा वाचल्या, तेव्हा त्या “कुठेतरी”चा अर्थ ध्यानात आला.

नागपंचमीच्या कहाणीतला शेतकरी नांगर धरतो, आणि नांगराच्या फाळाने वारुळातली नागाची पिल्ले मरतात. शेतकऱ्याच्या मनात पाप नाही. तो आपले रोजचे काम करीत आहे. पेरणी झाली नाही तर घर उपाशी राहील, हेही खरे आहे. पण फाळ जमिनीखाली चालतो आणि शेतकऱ्याचे डोळे जमिनीवर असतात. आपले अवजार कोणाला लागले, हे त्याला ठाऊकच नसते.

मला वाटते, अवजारांच्या सुट्टीचे मर्म येथे आहे. नांगर वाईट म्हणून ही सुट्टी नाही. दुसऱ्या दिवशी तोच नांगर पुन्हा शेतात जातो आणि दसऱ्याच्या सुमारास त्याच अवजारांना झेंडूची फुले वाहिली जातात. सुट्टी एवढ्यासाठी की, चालत्या हाताला जे दिसत नाही, ते थांबलेल्या हाताला दिसू शकते. विळी चालत असते तेव्हा आपले लक्ष पात्यावर असते आणि ते असावेच लागते, नाहीतर बोट कापायचे. विळी उताणी पडली की मग मान वर होते.

थांबण्यावरून पडलेले नाव

अवजाराला सुट्टी देण्याची ही रीत काही एकाच धर्माची मिरास नाही. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, बेने इस्रायली मंडळी पिढ्यान् पिढ्या राहिली. मराठी बोलत, गावच्या चालीरीतींत मिसळून गेली, आणि तेलाचे घाणे चालवून पोट भरू लागली. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. त्या दिवशी त्यांचा घाणा फिरत नसे. गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. महादेवाला मानून सोमवारी घाणा बंद ठेवणारे जे तेली, ते ‘सोमवार तेली’.

या नावांचे मला फार कौतुक वाटते. आपल्याकडे पुष्कळ जातींची आणि काही आडनावांची ओळख माणूस काय करतो यावरून पडलेली आहे. येथे दोन तेल्यांमधला फरक गावाने ओळखला तो, ते केव्हा थांबतात यावरून. धंद्यात दोघेही सारखे, तेलही सारखेच. पण आठवड्यातून एक दिवस ज्याचा घाणा उभा राहतो, त्याला त्या दिवशी ‘आज तेल का नाही’ म्हणून कोणी विचारीत नसे. गाव आपली दिवाबत्ती आदल्या दिवशी पाहून ठेवी. एकाचा नेम चालवायला सगळ्या गावाला थोडे सांभाळून घ्यावे लागते, हे त्या नावात गृहीत आहे. आणि घाण्याबरोबर आणखी एक जीव त्या दिवशी उभा राहत असे. तो म्हणजे घाण्याचा बैल. त्याचा उल्लेख मी पुढे पुन्हा करणार आहे.

स्वतःची झोप असलेली यंत्रे

पूर्वीच्या यंत्रांना एक मोठा गुण होता. त्यांना स्वतःची झोप होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हाचे कार्यक्रम संध्याकाळचे काही तास चालत आणि मग पडदा रिकामा होई. रेडिओही रात्री निरोप घेऊन गप्प बसे. यंत्रच झोपी गेल्यावर माणसालाही झोपावे लागे. संयमाचे पुण्य आपल्या पदरी पडे, पण तो संयम खरे तर यंत्राचा होता.

भारतात पहिला मोबाइल संवाद झाला ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत सुखराम यांनी ऐकले. त्यानंतरच्या तीसेक वर्षांत हे यंत्र मंत्र्यांच्या हातातून भाजीवालीच्या पाटीपर्यंत पोचले. त्याने केलेले उपकार मोठे आहेत. २०२० सालच्या टाळेबंदीत मुलांची शाळा त्याच्यावर भरली, डॉक्टर त्याच्यावर भेटले, अंत्यदर्शनेही काहींनी त्याच्यावरच घेतली. अशा यंत्राला शिव्या देणे कृतघ्नपणाचे होईल. पण या यंत्राला झोप नाही. त्याचा पडदा आपण होऊन कधी रिकामा होत नाही. म्हणजे थांबण्याचे जे काम पूर्वी यंत्र करीत होते, ते आता प्रत्येक माणसाच्या एकट्याच्या मनोनिग्रहावर येऊन पडले आहे. आणि माणसाचा मनोनिग्रह रात्री साडेदहा वाजता किती शिल्लक असतो, हे ज्याचे त्याला ठाऊक.

येथे एक गल्लत मात्र टाळली पाहिजे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमन सोसले. त्या अंधारातल्या गप्पांच्या, गच्चीवरच्या चांदण्याच्या आठवणी आज पुष्कळजण गोडीने काढतात. पण परीक्षेच्या दिवसांत मेणबत्तीशी डोळे फोडणाऱ्या मुलाला किंवा पंप बंद पडून पाण्यावाचून पीक वाळताना पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्यात काही गोडी नव्हती. जे आपल्यावर लादले जाते ती वंचना. जे आपण जाणून स्वीकारतो ते व्रत. उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगू नये. साधेपणाची महती गाताना मध्यमवर्गाने हे विशेष लक्षात ठेवायला हवे, कारण आपल्याजवळ पुष्कळ आहे म्हणून त्यातले थोडे बाजूला ठेवण्याची चैन आपल्याला परवडते.

“ह्याला कधी गं?”

आमच्या सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. घरात गॅस आल्यापासून त्या शिळासप्तमीला शेगडीलाच हळदकुंकू वाहतात. एका नागपंचमीला विळी पाटाखाली सरकवून त्या निवांत बसल्या होत्या. घरात चार माणसे आणि चारही आपापल्या उजेडात. त्यांनी सहज विचारले, “विळीला आज सुट्टी, तव्याला सुट्टी. परवा शेगडीला. मग ह्याला कधी गं?”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पंचांगात न सापडलेली एक नोंद त्या विचारीत होत्या, एवढेच. त्या श्रावणापुरता आमच्या घरात नेम झाला. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ सर्वांचे फोन देवघराजवळच्या वेताच्या टोपलीत.

पहिले तीन-चार दिवस फार मजेचे गेले असे सांगितले तर ते खोटे होईल. आठवीतला मुलगा घरभर मांजरासारखा फिरत होता. यजमानांनी वर्तमानपत्रातल्या निविदांच्या जाहिरातीसुद्धा वाचून काढल्या. मुलगी टोपलीकडे पाठ करून बसे, जणू तिच्यात परीक्षेची उत्तरपत्रिका ठेवलेली आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी मला एक गोष्ट जाणवली. ती भाषा शिकवणाऱ्या बाईलाच जाणवण्याजोगी होती. सासूबाईंची वाक्ये लांब होऊ लागली होती.

“पाऊस आला.” “जेवायला वाढू?” “दूध उतू गेलं बघ.” गेली काही वर्षे त्यांचे बोलणे असे दोन-तीन शब्दांचे झाले होते. वयामुळे असेल, असे सारे समजत होते. पण माणूस आपली वाक्ये ऐकणाऱ्याच्या मानेवरून मापतो. समोरची मान जितका वेळ वर राहील तितकेच वाक्य बोलायचे, हे कोणी न शिकवता समजते. आता माना वर राहू लागल्या, तशी त्यांच्या वाक्यांना पोटवाक्ये फुटू लागली. “तेव्हा, म्हणजे तुझे आजोबा अजून बदली होऊन आले नव्हते तेव्हा,” अशी.

अशाच एका संध्याकाळी नातवाला कळले की, आपली आजी १९५८ साली सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला केंद्रात पहिली आली होती.

“मग पुढे का नाही शिकलीस?” त्याने विचारले.

“रत्नागिरीला ठेवणार कोणाकडे?” त्या म्हणाल्या. “मास्तर दोनदा घरी येऊन गेले. वडील दोनदा चहा घ्या म्हणाले.”

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. ही हकीकत मी कोणाला बोल लावण्यासाठी सांगत नाही. त्या घरात होत्या, आम्हीही घरात होतो, आणि प्रेमात उणे काही नव्हते. फाळाला दिसत नाही, एवढेच.

भोंगा आणि दंड

एका घराचा नेम टिकणे कठीण असते, कारण शेजारचे घर चालूच असते. मुलाचे मित्र त्या तासात खेळत असतात, यजमानांचे वरिष्ठ त्याच तासात निरोप धाडतात. म्हणून सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने २०२२ साली जे केले त्याचे मला मोल वाटते. कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव हे ते गाव. साथीच्या काळात शाळेसाठी मुलांच्या हाती फोन आले होते. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन हातातून उतरेनात. तेव्हा, त्या ऑगस्टात, गावाने ठरवले की संध्याकाळी सात वाजता देवळावरून भोंगा वाजेल आणि घरोघरी फोन व दूरदर्शनसंच बंद होतील. साडेआठला दुसरा भोंगा. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. अंगणवाडीच्या बाया, आशा सेविका, निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना हे समजावून सांगितले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानेही ठराव केला. अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरू नये, वापरल्यास दंड. दोन्ही गावांची कळकळ सारखीच आहे, आणि कोणाला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. पण दोन नेमांची जात वेगळी आहे. एकात मोठ्यांनी मुलांना थांबवले. दुसऱ्यात भोंगा वाजल्यावर बापाचाही फोन बंद आणि आईची मालिकाही बंद. ‘तू ठेव’ म्हणणे आणि ‘आपण ठेवू’ म्हणणे यांतले अंतर मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळते. नागपंचमीला सुनेने विळी ठेवायची आणि सासूने कोशिंबीर चिरायची, असे कोणत्याही घरात होत नव्हते, म्हणून तो नेम टिकला.

नेमाला दिंड हवे

आपल्या जुन्या नेमांची घडण पाहिली तर तीत शहाणपणाच्या चार गोष्टी दिसतात. आत्मसुधारणेची पुस्तके हल्ली ढिगाने निघतात. त्यांतले निम्मे या चारांत येऊन जाते.

पहिली गोष्ट मुदत. आपला कोणताही नेम ‘यापुढे कधीच नाही’ असे म्हणत नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास बसतो, कार्तिकी एकादशीला उठतो. मधल्या काळात कांदा-लसूण वर्ज्य करणारे लोक आधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी म्हणून कांद्याचे यच्चयावत पदार्थ करून खातात. ज्यांना हे ढोंग वाटते त्यांना माणसाचे मन ठाऊक नाही. ज्याचा शेवट दिसतो तेच व्रत बहुतेकांच्या हातून पार पडते. ‘आजपासून फोन बंद’ म्हणणारे शूर वीर तिसऱ्या दिवशी दुप्पट वेळ तो पाहताना आढळतात. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडलेली नाही.

दुसरी गोष्ट सोबत. तिच्याविषयी वर सांगितलेच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नागपंचमीला तवा चढवायचा नाही, म्हणून पुरणपोळी करता येत नाही. मग आमच्या आज्यांनी काय केले? पुरण पोळीत भरून, घड्या घालून, मोदकासारखे वाफवले. ते पुरणाचे दिंड. ऋषिपंचमीला नांगराचे धान्य नाही, म्हणून कंदमुळे, पाले, शेंगा एकत्र शिजवल्या. ती ऋषीची भाजी. वसुबारसेला दूध-तूप नाही, तर बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. प्रत्येक सुट्टीने मागे एक पदार्थ ठेवला आहे, आणि तो इतका रुचकर की मुले त्या दिवसाची वाट पाहतात. रिकामी जागा नुसती रिकामी ठेवली तर तीत जुनीच सवय येऊन बसते. नेमाला त्याचे दिंड हवे. टोपलीत फोन ठेवलेल्या तासाचे दिंड कोणते, हे ज्या घराने त्या घराने शोधावे. कोणाकडे पत्त्यांचा डाव असेल, कोणाकडे पेटी असेल, कोणाकडे नुसता एकत्र भाजी निवडण्याचा उद्योग असेल. आमच्याकडे सासूबाई निघाल्या.

चौथी गोष्ट सवलत. आजारी, बाळंतीण, लेकरू, म्हातारे यांना उपास नाही, हे प्रत्येक कडक घरातही मान्य असे. शब्बाथ काटेकोरपणे पाळणाऱ्यांच्या धर्मशास्त्रातही जीव वाचवण्यासाठी तो मोडावाच, असे सांगितले आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी आमच्या टोपलीची गोष्ट ऐकली, तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात होतात तेव्हा तिकडे सकाळ असते आणि कामाला जाता जाता तो फोन करतो. काकू म्हणाल्या, “तुमच्या टोपलीत माझा फोन टाकलास तर दिवसभरात मी कोणाशी बोलायचं गं?” त्यांच्यासाठी ते यंत्र म्हणजे तिन्हीसांजेचा दिवाच आहे. त्यांनी तो लावून ठेवावा. जो नेम कोणाला एकटे पाडतो तो नेम नव्हे, निव्वळ हट्ट.

घाण्याचा बैल

आता त्या बैलाकडे येऊ. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी संध्याकाळी घरोघर खाणे पोचवण्याचे काम करतो. ‘नेम’ या शब्दाचे अर्थ वर्गात चालले होते. नेम म्हणजे नियम, नेम म्हणजे लक्ष्य, आणि ‘त्याचा काही नेम नाही’ म्हणताना नेम म्हणजे भरवसा. बोलता बोलता फोन बाजूला ठेवण्याच्या नेमाचा विषय निघाला. तास संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, “मॅडम, सात ते दहा माझा फोन बंद राहिला तर माझी खानावळ बंद होते. तुमच्या त्या तासातच जास्त ऑर्डर येतात.”

त्याचे म्हणणे फार दूरवर जाते. आपण चौघांनी टोपलीत फोन ठेवायचे ठरवले, आणि त्याआधी पाच मिनिटे ‘आज स्वयंपाक नको, निवांत बसू’ म्हणून बाहेरून जेवण मागवले, तर आपल्या घरातला घाणा थांबतो, पण बैल रस्त्यावर फिरतच राहतो. पावसात, सिग्नलच्या लाल दिव्याशी एक डोळा फोनवर ठेवून. शनवार तेल्याच्या सुट्टीत बैलालाही विसावा होता. आपल्या सुट्टीत त्याला जागा आहे का?

येथे मला ऋषिपंचमी आठवते. या व्रताला जो विटाळाचा आणि पापक्षालनाचा संबंध जोडला आहे, तो मला मान्य नाही आणि आजच्या मुलींना मान्य होऊही नये. पण त्यातला एक नेम मोलाचा आहे. वर्षातून एक दिवस तरी, जो तुमच्यासाठी राबतो त्या मुक्या जिवाच्या श्रमाचे खाऊ नका. आपल्या ताटात कोणाचा घाम आहे ते एक दिवस ओळखा. हा नेम आज शहरात पाळायचा झाला तर तो असा पाळता येईल. एक दिवस ठरवून, कोणी घाईघाईने दाराशी आणून द्यावे असे काहीच मागवायचे नाही. घरात असेल ते शिजवायचे, नसेल ते पायी जाऊन आणायचे. हे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, “एकच दिवस हं मॅडम. रोज केलंत तर माझी फी राहील.” आणि मग थोडे थांबून, “मागवा तुम्ही. फक्त उशीर झाला तर वरून फोन करू नका. गाडी चालवताना तो घेता येत नाही आणि नाही घेतला तर भीती वाटते.”

मला वाटते, त्याच्या या दोन वाक्यांत एक पूर्ण व्रत आहे, आणि ते पाळायला मुहूर्त लागत नाही.

थांबण्याची श्रद्धा

जुन्या नेमांचा सारा भार बायकांवर होता, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. शिळासप्तमीला चुलीला सुट्टी, पण आदल्या दिवशी दुप्पट रांधणारी कोण? उपास घरातल्या बाईचा, आणि त्या दिवशी इतरांसाठी वेगळा स्वयंपाक करणारीही तीच. तेव्हा जुने सारे जसेच्या तसे उचलावे, असे मी म्हणत नाही. टोपलीत फोन ठेवण्याच्या तासात चहा कोणी करायचा याची पाळी आमच्या घरी लागते, आणि ती लागली नसती तर तो नेम मी पहिल्या आठवड्यातच मोडला असता.

मग यात श्रद्धेचा संबंध कोठे येतो? विळी चालवली तर नागाला लागते, यावर आज माझा विश्वास नाही. पण थांबायला एक वेगळी श्रद्धा लागते आणि ती मात्र मला त्या नेमांतूनच मिळाली, असे म्हणता येईल. आपण तासभर थांबलो तरी जग चालते. आपल्यावाचून कोणाचे काही अडून बसत नाही. आणि जे अडते ते तासाभराने सांगितले तरी चालते, ही ती श्रद्धा. हे बोलायला सोपे आहे, आचरायला नाही. गांधीजी सोमवारी मौन पाळीत. देशाचा कारभार ज्यांच्या शब्दावर हलत होता, त्यांनी आठवड्याचा सातवा भाग न बोलता काढावा, आणि अगदी निकड पडली तर कागदाच्या तुकड्यावर चार शब्द लिहून द्यावेत. तेच गांधीजी कमरेला घड्याळ लावून मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवीत, आणि १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले ते त्यांच्याच प्रेरणेने. त्यांना यंत्राचे वावडे होते म्हणणारे अर्धेच सांगतात. यंत्र कोणाच्या कामी येते, कोणाला लागते आणि ते केव्हा खाली ठेवायचे, एवढेच ते विचारीत होते.

दिवाळीत हे सुरू करायला मोठी सोय आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण केरसुणीची पूजा करतो. वर्षभर कोपऱ्यात उभी असणारी, पायाने सरकवली जाणारी ती साधी वस्तू त्या दिवशी पाटावर येते, तिला हळदकुंकू लागते. दुकानदार चोपडी पुजतो. त्या रांगेत यंदा घरातले फोनही बसवावेत. काच स्वच्छ पुसावी, एक-एक झेंडूचे फूल ठेवावे, हळदकुंकू मात्र बेताने वाहावे. वर्षभर त्यांनी आपली माणसे जवळ आणली, त्यांचे हे देणे आहे. आणि पूजेला बसलेली वस्तू उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही, हा आपला नेम सर्वांच्या परिचयाचा आहे. तोवर लाडू-चिवड्याची ताटे निघतील, आकाशकंदिलाखाली मुले जमतील, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला कोणीतरी सहज विचारील, “तुमच्या लहानपणी दिवाळीला काय करत होता हो?”

उत्तराचे पहिले वाक्य आखूड असेल. थोडे थांबावे. पुढची लांब असतात.